आईचं बोट जिथे थांबायचं

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर वाचून हसते. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, वळणावर लिफ्ट मागणारी बाई... प्रत्येकाखाली "वेळेवर जेवा, वेळेवर झोपा" अशी कॉमेंट टाकायचा मोह मी कितीदा तरी आवरला आहे. काही वेळा नाही आवरला. तेव्हा आता कोणी माझ्यावर हसलं तर माझी तक्रार नाही. पण जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी पुण्यात रेडिओ खगोलशास्त्रात काम करते. माहेर बोथ — आदिलाबाद जिल्हा, तेलंगणा. घर बौद्ध. बाबांनी हयातभर अंगारे-धुपारे करणाऱ्यांशी भांडणं केली, आणि आई सरकारी मराठी शाळेत शिक्षिका होती. लहानपणी कोणी भुताची गोष्ट काढली की ती म्हणायची, "आन त्याले शाळेत, फळ्यावर नाव लिहाले लावते." अशा घरात वाढलेल्या मुलीच्या अंगात येणार तरी काय?

बाबा गेले आणि त्यानंतर आईचे डोळे गेले. काचबिंदू. तिनं सांगितलंच नाही कुणाला, आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. हैदराबादच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, नस सुकली आहे, आता उजेड-अंधारसुद्धा कळणार नाही. तिच्या डोळ्यांवर टॉर्च मारला तरी ती शांत बसून होती. जिनं जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला, ती बाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायला लागली.

मग यंदा मे महिन्यात वहिनीचा फोन आला. दादा नोकरीसाठी रोज आदिलाबादला जातो-येतो, घरात दिवसभर या दोघीच. वहिनी एरवी हसतमुख बाई, पण त्या दिवशी तिचा आवाज बसलेला होता. "ताई, आई दोन घास खातेत अन् ताट सरकवतेत. बोलत बी नाईत. म्हणतेत, कशासाठी खाऊ? तुमी या."

मी अर्धी रजा, अर्धं वर्क फ्रॉम होम असं काहीतरी जुळवलं आणि लॅपटॉप घेऊन बोथला आले. आईला पाहिलं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी सरळ सांगते, आई आपल्या हातातून चालली आहे असं मला त्या दिवशी वाटलं.

माझं काम काय ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आकाशगंगेचा जो पट्टा आहे त्यात धुळीचे प्रचंड ढग आहेत, आणि नवे तारे त्या ढगांच्या पोटात जन्मतात. साध्या दुर्बिणीला आतलं काही दिसत नाही. रेडिओ लहरी मात्र धुळीतून आरपार येतात. म्हणून आम्ही त्या पट्ट्याचा तुकड्या-तुकड्यानं रेडिओ नकाशा करतो. नकाशात ठिपके दिसतात. पण प्रत्येक ठिपका म्हणजे नवा तारा नव्हे. कुठे मेलेल्या ताऱ्याचे अवशेष असतात, कुठे पार पलीकडची दुसरीच दीर्घिका. कोणता ठिपका कोण, हे दुसऱ्या चित्रांशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. तांदूळ निवडल्यासारखं काम आहे, मान मोडते.

तर झालं असं की घरात कूलर एकच, समोरच्या खोलीत. दुपारी आम्ही दोघी तिथेच असायचो. मी टेबलाशी, आई शेजारी खुर्चीवर. एका दुपारी ती एकदम वाकली आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हे काय हाय वं?"

"काय, काय आहे?"

"इथं. ऊब हाय इथं."

मी म्हटलं, अगं लॅपटॉप गरम होतो, मे महिना आहे. ती म्हणाली, "तशी नाई. हातानं कळते तशी नाई." बोट हलवलं आणि दुसरीकडे ठेवलं. "अन् हे. हे लहान हाय."

दोन्ही ठिकाणी बोटाखाली ठिपका होता.

मला वाटलं, आईला दिसायला लागलं. मी वेड्यासारखी तिच्या तोंडासमोर हात धरला, बोटं किती विचारलं. ती वैतागली. "मले नाई दिसत. तुले मालूम हाय, मंग काऊन विचारून राह्यली?" तरी दुसऱ्या दिवशी गाडी करून तिला आदिलाबादच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. भला माणूस. सगळं परत तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, उम्मीद मत रखिए." येताना गाडीत आईच माझी समजूत घालत होती.

मग माझ्यातली शास्त्रज्ञ जागी झाली. स्क्रीनचा ब्राइटनेस शून्यावर नेला, म्हणजे मलाही काही दिसेना. आईचं बोट बरोबर जागेवर. चित्र उलटं केलं. बोट उलट्या जागेवर. आणखी एक गोष्ट लक्षात आली... काही ठसठशीत ठिपक्यांवर ती थांबायचीच नाही. मीच तिचं बोट धरून एकावर ठेवलं, तर म्हणाली, "इथं काई नाई. इथलं सरलं." नंतर ताडून पाहिलं, तो मेलेल्या ताऱ्याचा अवशेष होता. ती फक्त नव्यांवर थांबायची. जे आत्ता जन्मत आहेत त्यांच्यावर. माझी एक सहकारी हेच तुकडे पुण्यात स्वतंत्रपणे तपासत होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिचं उत्तर आणि आईचं बोट जवळजवळ नेहमी जुळायचं. काही ठिपक्यांबद्दल आमचंच ठरत नाही, ते सोडून द्या.

तुम्ही म्हणाल घाबरलीस का? नाही. इतरांना येतो तसा काटाबिटा काही आला नाही. कारण आई जेवायला लागली होती.

वहिनीनं तर त्याचा खेळच केला. दुपारची भांडी आवरली की पदराला हात पुसत यायची, "चला, आईची ड्युटी लागली. आज किती बाळंतपनं?" आई म्हणायची, "तीन. एक अडलेलं हाय." मग दोघी हसायच्या. भाकरीबरोबर ठेचा मागून घ्यायची, मीठ कमी पडलं म्हणून वहिनीला बोल लावायची. वहिनी मला स्वयंपाकघरात येऊन सांगायची, "ताई, शिव्या खाऊन इतकं बरं मले कधी वाटलं नव्हतं." शाळेतल्या गोष्टी निघायला लागल्या. कधी नव्हे ते बाबांबद्दल बोलली, पोटभर रडलीसुद्धा.

पण रजा संपत आली. माझ्या वाट्याचे तुकडेही संपत आले, आणि पुढची निरीक्षणं यायला कित्येक महिने होते. मी जुना लॅपटॉप घरी ठेवायचा विचार केला. वहिनी म्हणाली, "मले उघडता येईन, पन चित्रं सरल्यावर काय दाखवू?" तीही शंका खरीच होती, कारण पाहिलेला तुकडा परत लावला की आई म्हणायची, "हे झालं ना दाखवून." म्हणजे मी निघाले की हे बंद. मग ती पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, पुन्हा ताट सरकवणार. मला तेवढी एकच भीती खात होती, आणि ती मी तिच्याशी बोलत नव्हते.

निघायच्या आदल्या दुपारी शेवटचा तुकडा लावला. आई बोट फिरवत होती. तेवढ्यात करंट गेला. कूलर थांबला, आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली, त्यामुळे स्क्रीनही गेली. उकाड्यात आम्ही दोघी तशाच बसलो. आणि मला रडू फुटलं.

"काऊन रडून राह्यली वं?"

मी सगळं बोलून टाकलं. म्हटलं, मी उद्या जाणार, हे माझ्याबरोबर जाणार, मग तू परत अंधारात पडून राहशील आणि जेवणार नाहीस, आणि मी तिकडे काय करू?

तिनं चाचपून माझा हात धरला. मग म्हणाली, "तुले काय वाटते, मी तुझ्या या डब्यात पाहून राह्यली?"

"मग?"

ती खुर्चीत पुढे वाकली आणि फरशीकडे बोट केलं. "आता तिकडं हायत ते. खाली." बोट जवळजवळ सरळ खाली होतं, जरासं स्वयंपाकघराच्या बाजूला कललेलं.

मी मोबाईलवर आकाशाचा नकाशा उघडला. इथे एक कबुली देते. आमच्यासारख्यांना आत्ता आकाशात काय कुठे आहे हे तोंडपाठ नसतं. आम्ही नकाशे पाहतो, आकाश पाहायचं काम दुर्बीण करते. त्यामुळे मलाही उत्तर माहीत नव्हतं. नकाशात पाहिलं, तर आम्ही तपासत होतो तो आकाशगंगेचा भाग मेमधल्या दुपारी पृथ्वीच्या पार पलीकडे असतो. बोथच्या बरोबर पायाखाली, किंचित दक्षिणेला. आमचं स्वयंपाकघर दक्षिणेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आत्ता कुठे आहेत? तिनं नैर्ऋत्येच्या खिडकीकडे हात केला, अगदी खाली, कंपाउंडच्या भिंतीच्या वर. नकाशा म्हणाला, मावळायच्या बेतात. मी तिची खुर्ची फिरवली, पुन्हा विचारलं. हात पुन्हा तिकडेच. शेवटी ती वैतागून म्हणाली, "पोरी, चहा पिऊ दे."

पुण्याला आल्यावर मी हे दोघा-तिघांना सांगितलं. एकजण म्हणाला योगायोग. दुसरी म्हणाली, तुझा श्वास बदलत असेल, हात थबकत असेल, आईला त्यावरून कळत असेल. हा मुद्दा मला पटण्यासारखा आहे, आंधळ्या माणसाचे कान तीक्ष्ण होतात. पण कित्येक ठिपके नवे की जुने हे त्या वेळी मलाच माहीत नसायचं. आणि फरशीचं काय? तिथे तर मला काहीच माहीत नव्हतं. शिवाय ती जर खरोखर आकाशात पाहत होती, तर स्क्रीनवर बोट बरोबर जागी कसं जायचं, तेही उलट्या चित्रात? या प्रश्नापाशी माझं सगळं शिक्षण संपतं. आईला विचारलं तर म्हणते, "मले काय माईत, शिकलेली तू हायेस."

वहिनीचा फोन रोज येतो. आई नीट जेवते. दुपारी खुर्ची टाकून बसते, शेजारच्या पोरांचे पाढे घेते, मधेच खाली नाहीतर वर तोंड करते. कोणी विचारलं तर सांगते, काम चालू हाय.

एक गोष्ट सांगायची राहिली, मुद्दामच शेवटी ठेवली. निघायच्या वेळी दादा बॅग घेऊन पुढे गेला होता. मी आईच्या पाया पडले आणि मला राहवलं नाही. हजारो प्रकाशवर्षांवरचं जिला कळतं तिला मी विचारलं, "आई, मी दिसते का गं तुला?"

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. कपाळ, नाक, हनुवटी.

"नाई बाई," ती म्हणाली. "तू नाई दिसत."

मग माझे गाल पुसत म्हणाली, "तुले जलमल्यापासून पाहून ठेवलंय मी, ते पुरते मले. पन हे आत्ता जलमून राह्यले, तिथं त्यायचं कोनी नाई. त्यायच्याकडं पाहाले कोनी तर पाह्यजे ना?"