विष्णुपंतांनी जाळलेला नाका

विष्णुपंत तेरकरांनी निजामाचा जकात नाका आयुष्यात निदान चारशे वेळा जाळला असेल. बार्शीला नोकरीत असताना जाळला, पुण्याला बदली झाल्यावर जाळला, आणि डॉक्टर मुलाने, विनयने, इंग्लंडात मिल्टन कीन्सला बोलावून घेतल्यावर तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत दरवर्षी मोदक संपले की जाळला. वयाबरोबर माणूस वाकतो, नाका मात्र वाढत गेला. मुळात ते पत्र्याचं एक खोपटं होतं. त्र्याण्णव सालापर्यंत त्यावर मजला चढला होता आणि दाराशी तोफही आली होती.

सगळंच खोटं होतं असं नाही. अठ्ठेचाळीस साली निजाम हैदराबाद सोडायला तयार नव्हता, रझाकार गावं लुटत होते, आणि सरहद्दीच्या अलीकडे पोरांनी कॅम्प काढून मिळतील तशा बंदुका गोळा केल्या होत्या. निजामाचा महसूल बुडवायला शिंदीची झाडं तोडायची, नाके जाळायचे, पकडले गेलात तर मार खायचा, असा तो उद्योग. विष्णुपंत त्या कॅम्पात अकरा महिने होते आणि नाका खरोखरच जळाला होता. एवढं कोणीही शपथेवर सांगेल.

स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनचा अर्ज त्यांनी केला तो शेजारच्या रॉनमुळे. महायुद्धात लढलेला रॉन दर नोव्हेंबरला, सैनिकांच्या स्मृतिदिनी, कोटावर दोन पदकं लावून बाहेर पडे आणि रस्त्यातली माणसं अदबीने बाजूला होत. विष्णुपंतांसाठी कोण बाजूला होणार? इथे ते 'डॉक्टरसाहेबांचे फादर'. पैशांशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. आपणही कोणीतरी होतो असा सरकारी शिक्क्याचा एक कागद त्यांना मरण्याआधी हवा होता, आणि तो हवा म्हणून ते रात्रंदिवस पोस्टमनची वाट पाहत होते.

सहा महिन्यांनी उत्तर आलं. सून मधुमतीने ते मोठ्याने वाचलं. 'सदर नाका जाळल्याचा दावा यापूर्वी तेरा अर्जदारांनी केलेला आहे. तरी आपण स्वतः काय केले, ते तपशीलवार कळवावे.'

मधुमती एवढी हसली की तिला कप खाली ठेवावा लागला.

"बाबा, तेरा जण! आणि नाका होता केवढा?"

"आपल्या बागेतल्या शेडएवढा," विष्णुपंतांच्या तोंडून निघून गेलं.

"आणि तोफ?"

विष्णुपंतांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. पण मधुमती अशी सोडणारी नव्हती. ती कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसमध्ये होती, दिवसभर लोकांचे अर्ज वाचायची, आणि भलेभले गोरे तिला टरकून असायचे.

"हे बघा, फॉर्मवर सगळेच हिरो असतात," ती म्हणाली. "खरं बोलणारा मला लगेच कळतो. तो काहीतरी एम्बॅरसिंग सांगतो, जे कोणी मुद्दाम रचून सांगणार नाही. तुमच्याकडे आहे का असं काही?"

विष्णुपंत भडकले. टोपी घातली, लाल पायवाटेवरून तळ्यापर्यंत तणतणत गेले, रॉनच्या नमस्काराकडेही बघितलं नाही. तासाभराने परत आले आणि टोपी न काढताच खुर्चीत बसले.

"मी चपला राखत होतो," ते म्हणाले.

मधुमतीने टाइपरायटर पुढे ओढला.

बेत दुपारचा होता. नाक्यावरचे शिपाई जेवून आडवे झाले की जायचं. शत्रू झोपलेला असला की शौर्याला जरा बरं पडतं. मध्ये नदी, गुडघ्याएवढं पाणी, तेव्हा वहाणा अलीकडे काढून ठेवायच्या. मागच्या खेपेला काठावरच्या वहाणा कुत्र्यांनी पळवल्या होत्या, त्यांत विष्णुपंतांच्याही गेल्या. म्हणून या वेळी राखणदार हवा होता, आणि म्होरक्याने अनवाणी उभ्या असलेल्या विष्णूकडे बोट दाखवलं. अठरा जोड आणि एक काठी.

"म्हणजे आग लागली तेव्हा तुम्ही..."

"धूर दिसला. मी टाळ्या वाजवल्या."

मधुमती हसत टाइप करत होती. "मग?"

"मग गोळ्यांचे आवाज आले. पोरं एकेक करून पाण्यातून आली, वहाणा पायांत अडकवून पळाली. सोळा जोड गेले."

टाइपरायटर थांबला.

"म्होरक्या ओरडत होता, चल म्हणून. मी म्हटलं, दोघं यायचेत अजून. सगळे गेले. मी दिवस मावळेपर्यंत त्या चपलांपाशी बसलो, सूनबाई. काठी हातात धरून."

"आणि मग?"

"कॅम्प तीन कोस लांब. वाटेत सगळे बाभळीचे काटे." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "श्रीनिवासच्या मला बरोबर बसल्या. त्याच घालून गेलो. पुढे दीड वर्ष वापरल्या."

ते रडायला लागले. सासऱ्यांना रडताना मधुमतीने कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला स्वतःच्या मघाच्या हसण्याची लाज वाटली. उठून तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाका मी जाळला म्हटलं," ते नाक पुसत म्हणाले, "की चपलांचं कोणी विचारत नाही."

"त्या दोघांची पूर्ण नावं सांगा, बाबा."

पंचेचाळीस वर्षं एवढ्या गर्दीत नाका जळाला, पण हे कोणी विचारलं नव्हतं. "श्रीनिवास औसेकर. हणमंत ढोबळे." तिने स्पेलिंग दोनदा विचारून दोन्ही नावं टाइप केली.

विनय हॉस्पिटलमधून आला तेव्हा कागद टेबलावर सहीसाठी पडलेला होता. त्याने तो उभ्या उभ्या वाचला आणि चष्मा काढला.

"बाबा, हे काय? चपला? दे विल रिजेक्ट इट. आणि हे दुसऱ्याच्या चपला घालून आलो वगैरे, हे कशाला? निदान ती ओळ तरी काढा. तुम्हाला तो कागद हवाय ना?"

"हवाय," विष्णुपंत म्हणाले. त्यांनी पेन उघडलं आणि सही केली, शाई वाळायची वाट बघितली, मग कागद घडी करून सुनेच्या हातात दिला. "पण नाका जाळायला तेरा जण आहेत, विनय. त्या दोघांची वाट बघायला मी एकटाच होतो."