बाबांचा आवाज, माझा टोन

अमरावतीत मी पोरांना इंग्रजी बोलायला शिकवते. शेवटचा 'ड' गिळू नका, सांगते. 'क्लीन्ड'चं 'क्लीन' केलं की कालचं काम आजचं होतं. आणि टोन सांभाळा. 'यू आर कमिंग' म्हणताना शेवटी आवाज वर गेला तर प्रश्न, खाली टेकला तर ठरलेली गोष्ट. पोरं हसतात. हसा लेको, पण शिका.

माझे बाबा अकोल्याच्या बाजारात तुरीचा हर्रास पुकारायचे. बोली लावणाऱ्यांच्या गर्दीवर त्यांचा एकट्याचा आवाज चढायचा, आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता. दोन वर्षांपूर्वी घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज परत येणार नाही. बाबा ऑपरेशनला तयार नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं, "आवाज वापस येईन ना वं?"

"येईन, बाबा," मी म्हणाले. शांतपणे, शेवटी आवाज खाली टेकवून, वर्गात शिकवते तस्सं. जळो ती विद्या. त्या आवाजावर भरवसा ठेवून त्यांनी सही केली.

बाबा वाचले. आता गळ्याला बॅटरीचं यंत्र लावून बोलतात. शब्द निघतात, पण सगळे एकाच पट्टीत, पाण्याची मोटर चालू असल्यासारखे. राग काय, माया काय, सारखंच ऐकू येतं.

गेल्या महिन्यात धीर करून फोनवर सांगितलं, "बाबा, मले माहीत होतं. मी खोटं बोलली. तुमी नाराज आहा काय माह्यावर?"

"नाही," यंत्रातून आलं.

हे कसलं 'नाही'? दुनियेला टोन शिकवणारी बाई मी, आणि बापाचा एक शब्द मला उलगडेना. राहवेना, तेव्हा एसटी धरून अकोल्याच्या जुन्या शहरातल्या घरी गेले, त्यांचं तोंड पाहायला.

बाबा खाटेवर बसले होते. मी समोर बसून पुन्हा तेच विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग यंत्र गळ्याला लावलं.

"खरं सांगतलं असतं तरी सही केली असती. पन पहिले तुले एकदा मनभर हाक मारून घेतली असती."

एवढं बोलून त्यांनी यंत्र खाली ठेवलं.