घोंगडीखालच्या प्लेटलेट्स

वर्गासमोर उभं राहून बोलायचं म्हटलं की माझे हात गार पडायचे. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सेमिनारला सरांनी विषय दिला तो शीतनिद्रेत जाणाऱ्या प्राण्यांच्या प्लेटलेट्सचा, आणि वर म्हणाले, "आधी घरी कुणाला तरी समजावून बघ. त्यांना कळलं तर वर्गालाही कळेल."

घरी कुणाला तरी म्हणजे आईला. आम्ही राहतो कोलकात्यातल्या बहुबाजारात, खाली अण्णांची, म्हणजे वडिलांची, गलाईची भट्टी. सोनारांच्या दुकानात झाडून काढलेला कचरा आणायचा, जाळायचा, वितळवायचा आणि त्यात दडलेलं सोनं बाहेर काढायचं, हा आमच्या गावच्या कितीतरी घरांचा धंदा. त्यासाठीच अण्णा सांगलीकडून इथे आले.

आई भेंडी चिरत होती. मी म्हटलं, "जमिनीत बीळ करून राहणारी एक खार असते. हिवाळ्यात झोपते तेव्हा तिचं अंग बर्फासारखं गार होतं, रक्त अगदी हळू वाहतं."

"मग मरत नाही?"

"नाही ना. हळू वाहणाऱ्या रक्तात गाठी होण्याची भीती असते. गाठ धरायचं काम प्लेटलेट्सचं. म्हणून झोपेत त्या रक्तातून बाजूला होतात, यकृतात जाऊन थांबतात. खार जागी होऊन अंग तापलं, की पुन्हा रक्तात येतात."

"शहाण्या आहेत," आई म्हणाली. मला वाटलं, जमलं.

त्याच आठवड्यात अण्णांना डेंगी झाला. प्लेटलेट्स उतरल्या होत्या, पण घाबरण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांनी घरीच विश्रांती, भरपूर पाणी आणि रोज रक्त तपासायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर खोलीच्या खिडक्या बंद, पंखा बंद. भाद्रपदातल्या त्या उकाड्यात अण्णा गावाकडच्या घोंगडीत गुंडाळलेले. बाहेर फक्त नाक.

"अण्णा, थंडी वाजतेय?"

"मला कसली थंडी? हिला विचार. आज भट्टीत मला घातलंय."

"यकृतात दडून बसल्यात त्या," आई म्हणाली. "तूच म्हणालीस ना, अंग तापलं की बाहेर येतात. ऊब दिल्याशिवाय कशा येतील?"

"अगं आई, ते खारीचं."

"मग माणसाचं का नाही सांगितलंस?"

खरंच सांगितलं नव्हतं. मी पंखा लावला, घोंगडी काढली, अण्णांना सरबत दिलं आणि आईजवळ बसले. डेंगीत प्लेटलेट्स दडून बसत नाहीत, म्हटलं. नव्या कमी तयार होतात, आणि असलेल्यांपैकी बऱ्याच नष्ट होतात. शेकून काही उपयोग नाही. नव्या तयार व्हायची वाट बघायची.

आईने जरा विचार केला. "म्हणजे खारीचं सोनं कचऱ्यातच असतं. ह्यांचं गेलं, ते नव्यानं घडवायचं."

"हो. आणि त्याला भट्टी चालत नाही."

"आधी कळलं असतं तर," अण्णा म्हणाले, "मी दुपारभर उकडलो नसतो."

पुढे आकडा चढू लागला तेव्हा अण्णांनी स्वतःच डॉक्टरांना घोंगडीची गोष्ट सांगितली. डॉक्टर पोट धरून हसले. आई मात्र गंभीरपणे म्हणाली, "थोडा तरी गुण आला असेल."

सेमिनारच्या दिवशी पाठ केलेलं इंग्रजी पहिलं वाक्यच आठवेना. पहिल्या बाकावरची बराकपूरची मैत्रीण ओठ हलवून ते सुचवत होती, मला काही कळत नव्हतं. शेवटी जे डोक्यात होतं तेच बंगालीत बोलले, "माझ्या आईने वडिलांना डेंगीत घोंगडीत गुंडाळलं." वर्ग हसला. मग आईची चूक नेमकी कुठे झाली ते सांगता सांगता खार आली, यकृत आलं, माणूसही आला. सरांनी विचारलं, रक्तपेढीत माणसाच्या प्लेटलेट्स फ्रिजमध्ये का ठेवत नाहीत? मी म्हटलं, आपल्या प्लेटलेट्सना थंडी मानवत नाही. गार केलेल्या दिल्या तर शरीर त्या लवकर काढून टाकतं. बोलताना हात गार होते की नाही, ते पाहायचं राहूनच गेलं.

घरी आल्यावर आईने विचारलं, "कळलं का त्यांना?"

"कळलं."

"मग मला सांग, एवढी झोपून उठल्यावर ती खार आधी खाते काय?"

"ते नाही गं माहीत."

"उद्या विचारून ये."

"आणि तिच्या बिळात पंखा असतो का," आतून अण्णा म्हणाले, "तेही विचार."