नकली चिप आणि अकरा वर्षं

नकलेवर इतका अस्सल विश्वास ठेवणारा माणूस माझ्या बायकोच्या मामांखेरीज उभ्या मराठवाड्यात दुसरा नसेल. नांदेडच्या एका कचेरीतून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, तेव्हा निरोपाची शाल घेण्याआधी त्यांनी भंगारात निघालेले सहा संगणक मागून घेतले. आता लातूरच्या त्यांच्या घरात पाहुण्याला टेकायला जागा नाही, पण प्रत्येक संगणकाला स्वतंत्र स्टूल आहे. घरात आलेल्या माणसाला पाण्याच्या आधी त्यातल्या एकाचं झाकण उघडून आतली चाळीस पायांची काळी चिप दाखवली जाते. "ही त्या मोठ्या कंपनीची न्हाई बरं का. दुसऱ्यांनी तिची नक्कल केली, अन् नक्कल अस्सलपेक्षा जोरात पळाली." यावर आश्चर्य व्यक्त करावं लागतं. माझ्या भावाने ते केलं नाही, तेव्हा त्याला उरलेल्या पाचही चिपा पाहाव्या लागल्या. संगणक सुरू झाला की आधी स्वतःची मेमरी मोजतो. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. मामी उदगीरच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. "माझं बाळंतपण चालू होतं तवा बी हे इतके गप बसले नव्हते," असं त्या सांगतात.

गेल्या वर्षी भोकरहून एक बाई पत्ता शोधत आल्या. त्यांचे यजमान मामांच्या कचेरीत शिपाई होते. ते वारले आणि बाईंच्या निवृत्तिवेतनाचा कागद अडला, कारण यजमानांचं सेवापुस्तक सापडत नव्हतं आणि कचेरीतल्या नव्या संगणकाच्या मते पहिली अकरा वर्षं तो माणूस नोकरीत नव्हताच.

"मग अकरा वर्षं ते रोज डबा घेऊन कुठं जात होते, साहेब?" बाईंनी विचारलं.

मामा उठून फ्लॉपींचा डबा शोधू लागले. कचेरीतल्या माणसांची यादी त्या काळी दरवर्षी मामाच या संगणकांवर भरत. पण नेमका त्या दिवशी सहापैकी एकही संगणक सुरू होईना. तीन दिवस मामा झाकणं उघडून बसले होते. शेवटी एकाची चिप उपटून त्यांनी दुसऱ्यात बसवली, तिसऱ्याची वायर जोडली, आणि बाईंना परत बोलावून बटण दाबलं. त्या दिवशी मेमरी मोजून होईपर्यंत मामीही बोलल्या नाहीत.

हिरव्या इंग्रजी अक्षरांत यादी उमटली. बाईंना इंग्रजी येत नव्हतं. मामांनी काचेवर बोट ठेवलं. "हे तुमचे मालक. हे पहिलं वर्ष."

बाईंनी पदर सावरला. "अन् पुढचं?"

मामांनी अकराही वर्षं एकेक करून दाखवली.

नांदेडच्या कचेरीतल्या तरुण साहेबांनी मोबाइलवरचा यादीचा फोटो पाहून मान हलवली. "हे चालत नाही. छापील पाहिजे." जुन्या प्रिंटरची फीत वाळून गेली होती. मामांनी तिला शिक्क्याची जांभळी शाई पाजली आणि यादी छापून नेली. फिकट, वाकडी, कडेला भोकं असलेली. साहेबांनी कागद उजेडात धरला. "हां, हे जुनं दिसतंय," ते समाधानाने म्हणाले, आणि नव्या संगणकाला अकरा वर्षं मान्य झाली.

मला वाटलं होतं, आता मामांच्या नकलेच्या व्याख्यानाला धरबंध राहणार नाही. झालं उलटंच. परवा लातूरला गेलो तेव्हा त्यांनी झाकण उघडलं नाही. संगणकावर यादी लावून एकटेच बसले होते. मला शेजारी बसवून एकेका नावावर बोट ठेवू लागले. "हा रेणापूरचा. चहात तीन चमचे साखर लागायची. गेला. हा लई भांडायचा, पण रजा कधी घेतली न्हाई. गेला. ह्या बाई टायपिंगला होत्या. त्या बी गेल्या."

असं करत बोट खाली सरकत होतं. पुढचं नाव त्यांचं स्वतःचं होतं. त्यावर बोट न ठेवता त्यांनी बटण दाबून पान पुढे नेलं.