मणीताईंचा सराव पाठ

आमच्या अध्यापक विद्यालयातल्या सगळ्यांत वयस्कर विद्यार्थिनी म्हणजे मणीताई. पिशवीत कायम मणी, म्हणून हे नाव आम्हीच ठेवलेलं. त्यांची लेक आमच्या वयाची. अर्धं आयुष्य बालवर्गात मॉन्टेसरी पद्धतीने शिकवण्यात गेलं आणि मग नवा नियम आला: प्राथमिक शिक्षणाची पदविका नसेल तर घरी बसा. मॉन्टेसरीचं प्रमाणपत्र इथे धरता येईल का, असं त्यांनी प्राचार्यांना विचारलं. "अहो, खेळण्यांचे कसले गुण देणार?" म्हणत ते स्वतःच्याच विनोदावर हसले. हा माणूस पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात जातो.

ताईंचा नवरा अंथरुणाला खिळलेला. घर चालायचं ते त्यांच्याच पगारावर.

पहिलीच्या वर्गावर त्यांचा सराव पाठ होता, बेरजेचा. प्राचार्य परीक्षक, आम्ही मागच्या बाकावर निरीक्षणाला. ताई जमिनीवर बसल्या. पुढचे दात पडलेली एक मुलगी होती, तिला सगळे बोळकी म्हणत. तिच्यापुढे मण्यांचा ट्रे ठेवला. आठ आणि पाच. दहा मणी झाले की ते देऊन दहाची ओवलेली माळ घ्यायची. बोळकीने चुकून अकरा दिले. उत्तर आलं बारा. ताई गप्प. बोळकीला काहीतरी खटकलं, ती पुन्हा मांडायला लागली. ताई तरीही गप्प. घंटा झाली, प्राचार्य उठून गेले. तेवढ्यात बोळकीने आपण दिलेले सुटे मणी माळेशेजारी ओळीने लावले आणि ओरडली, "एक जास्त दिला की मी!" ताईंचा चेहरा असा फुलला, की आम्हीही हसलो.

शेरा आला: शिक्षिका स्वस्थ बसून होती, पाठ अपूर्ण. नापास.

आता एकच संधी उरली होती. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "मूल विचार करत असताना माझं तोंडच उघडत नाही गं," त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

"मग ठेवा शिवून! औषधं प्राचार्य आणून देणार आहेत का?" मी खेकसले. दुसरं काय सांगणार होते मी?

दुसऱ्या पाठाला तीच बेरीज, तीच बोळकी आणि पुन्हा तीच चूक. पण या वेळी तिने लगेच ते अकरा मणी माळेशेजारी लावायला घेतले. एकेक, सावकाश. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं, मग घसा खाकरला. ताईंचा हात मण्यांकडे गेला आणि मागे आला. घ्या, ताई, घ्या, असं मी मनातल्या मनात ओरडत होते.

ताईंनी बोळकीच्या मुठीतून मणी काढून घेतले. "तेरा! म्हणा सगळे, तेरा!"

"तेरा!" वर्ग दणाणला.

"आत्ता कशा शिक्षिका वाटता!" प्राचार्य खूश होऊन म्हणाले आणि भराभर गुण लिहायला लागले. माझ्या जिवात जीव आला. नोकरी वाचली होती.

ताईंनी पुढची बेरीज दिली. नऊ आणि सहा. बोळकीने मण्यांना हातही लावला नाही. दोन्ही हात मांड्यांखाली घालून ती बसून राहिली. मग कोपराने ट्रे ताईंकडे सरकवला.

"तुम्हीच करा."

ताईंनी प्राचार्यांकडे पाहिलं. ते मान डोलवत होते. ताईंनी ट्रे ओढून घेतला आणि बेरीज केली.