माझं मनगट सैल नव्हतं

माझं मनगट सैल आहे असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांतल्या एकानेही ते हातात धरून पाहिलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर कुणाला नवल वाटायला नको.

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पंपाचे भाग तपासायचं काम करते. लेथवरून भाग उतरतो, माझ्या टेबलावर येतो, मी मापते. मापात असेल तर हिरवं लेबल आणि माझी सही, नसेल तर लाल लेबल. माझ्या सहीशिवाय माल दाराबाहेर जात नाही, आणि त्यासाठी मी शिव्याही भरपूर खाल्ल्या आहेत. राहते सालवडला, भाड्याच्या खोलीत. आईबाबा किनाऱ्यावरच्या आमच्या गावात असतात. बाबांची होडी आहे आणि आई सुकी मासळी विकते. रविवारी मात्र मी पालघरला जायचे, एका जुन्या भातगिरणीच्या गोदामात. तिथे दहा मीटरवर पाच लक्ष्यं टांगलेली असायची आणि आम्ही आठ-दहा माणसं छऱ्याच्या पिस्तुलाने नेमबाजी शिकायचो.

चार वर्षं मी क्लबचं पिस्तूल वापरलं. मग ओव्हरटाइम करकरून स्वतःचं घेतलं. कोरं, देशी बनावटीचं, वर्षभराच्या वॉरंटीचं. ज्यांनी पिस्तूल कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: नळीच्या टोकाला एक उभी पट्टी असते, ती पुढची साइट. डोळ्याच्या बाजूला खाच असलेली पट्टी असते, ती मागची. पुढचीचं टोक मागचीच्या खाचेत बरोबर मधोमध बसलं की नेम लागला. मागची साइट एका बारीक स्क्रूने डावी-उजवीकडे सरकवता येते. एकदा जमवली की ती जागची हलता कामा नये.

माझी हलत होती. पहिले आठ-दहा छरे काळ्या वर्तुळात मधोमध बसत, मग हळूहळू डावीकडे जात. स्क्रू फिरवून मी ते परत आणत असे, की पुढच्या कार्डावर पुन्हा तेच.

आमचे सर पूर्वी शाळेत व्यायामशिक्षक होते. माणूस चांगला, पण एकदा बोलले की बोलले. त्यांनी माझी कार्डं पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं. मनगट सैल पडतंय तुझं. नवं पिस्तूल जड आहे, तुला पेलवत नाही."

राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्यातून तीन बायका निवडायच्या होत्या. निवड चाचणीला दोन महिने होते. क्लबच्या पिस्तुलावर माझे गुण असे होते की माझं नाव धरूनच चालले होते सगळे. आता सर म्हणू लागले, "असंच चाललं तर नाव वगळावं लागेल."

आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, याचा राग मला अजून येतो. महिनाभर मी खोलीत वाळूने भरलेली बाटली हात लांब करून धरून उभी राहायचे. हात थरथरायला लागला की स्वतःलाच शिव्या घालायचे. माझ्यासमोरच्या लेथवरचा उत्तर प्रदेशातला कारागीर रोज मला एकच वाक्य ऐकवायचा. त्याचा भाग मी नापास केला की तो लाल लेबल बोटांत धरून म्हणायचा, "मॅडम, पहले अपना गेज देखो." तो आमच्या कामाचा नियमच आहे. माप चुकलं तर आधी मापायचं साधन तपासायचं, माणसाला मागाहून विचारायचं. दिवसातून दहा वेळा मी ते करते. आणि स्वतःवर पाळी आली तेव्हा साधन बाजूला ठेवून मी माणसालाच लाल लेबल लावलं होतं. माझी बुद्धी कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

शेवटी एका दुपारी, टेबलावर गेज तपासत असतानाच, हे डोक्यात शिरलं. त्याच आठवड्यात मी पिस्तूल कंपनीकडे पाठवून दिलं.

दहा दिवसांनी ते परत आलं. सोबत चिठ्ठी होती: कोणताही दोष आढळला नाही, नेमबाजाने पकड सुधारावी.

मी पुन्हा पाठवलं, या वेळी सगळी कार्डं जोडून. पिस्तूल पुन्हा परत आलं, सोबत उत्तर असं की समुद्राकाठच्या खाऱ्या हवेमुळे साइट गंजली आहे आणि हे वॉरंटीत बसत नाही. मी भिंग लावून पाहिलं. गंजाचा ठिपकाही नव्हता. होडीवाल्याच्या घरात लोखंड कसं सांभाळतात ते मला कुणी शिकवायची गरज नाही, आमच्याकडे कोयतासुद्धा तेलाचा हात फिरल्याशिवाय झोपत नाही. फोन केला तर तिकडचा गृहस्थ अगदी गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, तुम्ही किनाऱ्यावरच राहता ना? पेटीला वास येत होता."

येत असेल. पेटी आठवडाभर आईच्या घरी होती, शेजारी सुक्या बोंबलांचं गाठोडं होतं. मी म्हणाले, "वास पेटीला येतो. साइट का हलते ते सांगा." त्याने ताकास तूर लागू दिली नाही. फोन ठेवल्यावर मी संतापाने लाल झाले होते आणि खरं सांगायचं तर थोडी लाजलेही होते. त्या लाजेचा मला संतापाहून जास्त राग आला.

त्या रविवारी बाबा पालघरला काही कामासाठी आले होते. मी त्यांना गोदामात घेऊन गेले, पोरगी करते तरी काय ते बघायला. मी माझ्या पैशांनी एक लहान शिकंजा, म्हणजे वस्तू घट्ट आवळून धरणारा लोखंडी जबडा, आणला होता. रबर लावून रिकामं पिस्तूल त्यात लक्ष्याकडे तोंड करून आवळलं आणि म्हणाले, "बाबा, मागे बसून नुसतं बघा. खाच, पट्टी आणि समोरचा काळा ठिपका एका रेषेत हायत का ते सांगत राहा."

बाबांना हे समजवायला अर्धं मिनिटही लागलं नाही. आमच्याकडे समुद्रात जाळं टाकायची जागा अशीच शोधतात. किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरायच्या, समजा देवळाचा कळस आणि त्याच्या मागचं उंच ताडाचं झाड. दोन्ही एकावर एक आली की होडी जागेवर. फाकली की होडी वाहवली. बाबांनी जन्मभर हेच केलं आहे.

शिकंज्यातल्या पिस्तुलाचा चाप मी पुन्हापुन्हा ओढत राहिले, छरा न घालता, नुसत्या हवेवर. दहाव्या की बाराव्या वेळी बाबा म्हणाले, "थांब. मागची खून सरकली."

सर हसले. "काका, ही नेमबाजी आहे, मासेमारी नाही."

बाबांनी डोळा न हलवता उत्तर दिलं, "आसंल. पन पुढची हाय तिथंच हाय, ठिपका हाय तिथंच हाय. मागची डावीकडं गेली. आनि हिचा हात तर पिस्तुलाला लागलेला पन नाय, नुसतं बोट लागतंय."

सर म्हणाले, काकांचे डोळे थकले असतील. पुढच्या रविवारी मी माझं स्वतःचं डायल गेज आणलं, म्हणजे घड्याळासारखी चकती आणि काटा असलेलं मापाचं साधन. त्याची टोच साइटला टेकवली. बारा वेळा चाप ओढला आणि काटा तीन-चार केसांच्या जाडीइतका सरकला. एवढंसं सरकणं म्हणजे दहा मीटरवर अख्खं एक वर्तुळ. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण सरांनी काटा पाहिला, मान डोलावली आणि म्हणाले, "कंपनी म्हणते दोष नाही, मग मी काय बोलणार?"

मग कंपनीच्याच दारात जायचं ठरवलं. त्यांचं सेवाकेंद्र ठाण्याकडे होतं. चाचणीला चार दिवस उरले होते. बाबा इस्त्रीचा सदरा घालून सोबत आले. वैतरणेच्या पुलावरून गाडी जाताना ते खाडीतल्या होड्या मोजत होते आणि मी मनातल्या मनात भांडणाची तयारी करत होते.

भांडण झालंच नाही. तोच फोनवरचा गृहस्थ होता. त्याने पिस्तूल आवळलं, मी गेज लावलं, काटा सरकला. त्याने दोनदा करून पाहिलं. मग आतून एक कागद आणला. साइट लगेच बदलून मिळेल, तासाभराचं काम, पैसे नाहीत, फक्त इथे सही करा. मी वाचलं. लिहिलं होतं की मालात दोष नसताना, केवळ ग्राहकाच्या समाधानासाठी, विशेष बाब म्हणून भाग बदलून दिला.

"दोष नसताना हे खोडा," मी म्हणाले.

"ते छापील आहे, मॅडम. सगळे करतात सही."

"मी नाही करत. तुमच्यासमोर काटा हलला. दोष होता असं लिहा."

"मग पिस्तूल वर पाठवावं लागेल. पंधरा दिवस लागतील."

बाबांनी माझा दंड धरून बाजूला घेतलं. "पोरी, सही कर न मोकली हो. रविवारी तुला नेम मारायचा हाय."

त्यांचं चूक नव्हतं. एक रेघ ओढली असती तर रविवारी माझ्या हातात माझं, नीट झालेलं पिस्तूल असतं. पण तो कागद मी सही करून दिला असता तर दोष पिस्तुलात नव्हता, हे मीच लिहून दिल्यासारखं झालं असतं. मग उरलं कोण? माझा हात. ज्या भागात खोट आहे त्यावर मी कारखान्यात मालकाच्या सांगण्यावरूनही सही केलेली नाही. स्वतःच्या हाताच्या बाबतीत करू? मी पिस्तूल तिथेच टेबलावर ठेवलं, पोच घेतली आणि बाहेर पडले.

 परतताना पालघर आलं तेव्हा बाबा म्हणाले, "मी आसतो तर केली आसती सही." मला ते फार लागलं.

रविवारी क्लबच्या जुन्या पिस्तुलावर चाचणी दिली. तेवढ्या महिन्यांत त्याची सवय गेली होती. चौथी आले, दोन गुणांनी हुकले. तिघींची नावं लागली. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले आणि तोंड धुऊन बाहेर आले. सगळे म्हणाले, उगाच हट्ट केलास. मी क्लबचं पिस्तूल पुसून पेटीत ठेवलं.

नंतर मी कंपनीला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्यात मापं मांडली, पोच जोडली आणि पुढचं पत्र ग्राहक मंचात जाईल असं स्वच्छ लिहिलं. पिस्तूल आलं ते नव्या साइटसह. सोबत शिक्क्याचा कागद होता: मागील साइटच्या सरकपट्टीत उत्पादनातील दोष आढळल्याने वॉरंटीअंतर्गत भाग बदलण्यात आला. त्याखाली सहीही होती.

मी तो सरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मला वाटलं, आता काहीतरी फिरवून बोलतील. तसं झालं नाही. कागद हातातच धरून ते म्हणाले, "पाम गावची एक बाई यायची. तुझ्या आधी याच बनावटीचं पिस्तूल घेतलं होतं तिने. तिचेही छरे डावीकडे जायचे." त्यांनी कागद खाली ठेवला. "तिलाही मी तेच सांगितलं होतं. तिने येणं सोडलं. वर्ष झालं असेल. तू फोन करून सांग तिला हे."

"मी नाही सांगणार, सर," मी म्हणाले. "मनगट सैल आहे असं तिला मी सांगितलं नव्हतं."

आयुष्यात पहिल्यांदा मी सरांना असं बोलले. त्यांनी वहीतून नंबर शोधला आणि स्वतः लावला. गोदाम रिकामं होतं, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. सरांनी आपण कोण ते सांगितलं. ती म्हणाली, "हां सर, बोला." सरांनी कागद डोळ्यांसमोर धरला, पण तो वाचला नाही.

"तुझ्या हातात काही खोट नव्हती," ते म्हणाले. "पिस्तुलात होती. मी न बघताच तुला बोललो."

  पलीकडून ती म्हणाली,

"मी घरात सगल्यांना सांगितलं सर, माझ्या हातात जोर नाय म्हनून. माझ्या पोरीला पन तेच सांगितलं."

सरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. "तिला घेऊन ये रविवारी," ते म्हणाले. "तिच्यासमोर सांगतो."