सहीशिवाय बस नाही

कोच गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी इथे अमेरिकेत, श्रूजबरी गावातल्या घरी मेथी निवडत होते. तीन आठवडे झाले… ती जुडी शेवटी टाकूनच दिली. आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचे हे हॅरल्ड कोच, पुढे सगळ्याच खेळांचे प्रमुख. मी सांगलीहून गणितात एमएस करायला आले आणि खेळाडूंना शिकवायचं काम मिळालं. त्या खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. हेल्मेटं ठेवायची खोली कोचनी अभ्यासाला रिकामी करून दिली होती. घामाचा वास मात्र गेला नाही. नियम एकच, बाहेरगावच्या मॅचला ज्याच्या चिठ्ठीवर अभ्यास पुरा झाल्याची शिकवणाऱ्याची सही, तोच बसमध्ये चढणार.

एकदा मार्कसचा अभ्यास अर्धाच झाला होता. टीमची सगळी भिस्त त्याच्यावर. जाऊ दे बिचारा, म्हणून मी सही ठोकली. बसच्या पायरीवर उभ्या कोचनी चिठ्ठी पाहिली आणि विचारलं, “शेवटचं गणित कसं सोडवलंस, सांग.” मार्कस माझ्याकडे बघायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला खाली उतरवून कोच मला म्हणाले, “तुला त्याची दया आली. त्याला जमेल असं काही तुला वाटलं नाही.”

बस गेली, टीम मॅच हरली. माजी विद्यार्थी कोचना काढा म्हणून हात धुऊन मागे लागले, पण हा माणूस तसूभर हलला नाही. प्रमुख झाल्यावर तोच नियम त्यांनी पोहणाऱ्या-धावणाऱ्या सगळ्यांना लावला. मला त्यांचा राग कितीतरी दिवस होता, खोटं कशाला बोलू? पण बस गेली त्या शनिवारी मार्कसनं आणि मी त्या खोलीत बसून ते गणित सोडवलं होतं, आणि त्याला ते जमलं होतं.

आता मी इथेच प्राध्यापक आहे, आणि खेळाडूंच्या चिठ्ठ्यांवर अजूनही सही करते. परवा, कोच गेल्यानंतरच्या पहिल्याच बाहेरगावच्या मॅचला, नवे कोच माझ्याकडे आले. त्यांच्या टीममधल्या टायलरची वही अर्धी कोरी होती.

“प्रोफेसर, आजच्या दिवस सही करा. ही मॅच कोचसाठी जिंकायचीय.”

“कोचसाठीच नाही करत,” मी म्हटलं. फार आठवण आली त्यांची.

बस गेली. टायलर तोंड फुगवून त्या खोलीत बसला होता. मी समोर खुर्ची ओढली.

“शेवटचं गणित कसं सोडवणार, सांग.”